बहात्तरचं ॲव्हरेज

गुंजभाऊंच्या पदरात पडायचं होतं ते एवढंच: एक सिलिंडर, त्यात बसणारा एक पिस्टन, तीन रिंगा, एक पिन आणि दोन गॅस्केटं. सगळं कंपनीचं, सगळं कोरं, ग्रीस चोपडून तेलकट कागदात गुंडाळलेलं आणि गेली अठरा वर्षं सासऱ्यांच्या कपाटात जुन्या कोटाखाली झोपलेलं. त्या मोटारसायकलचं उत्पादन कधीच बंद पडलं होतं. बाजारात आता मिळायचा तो नकली माल, आणि तो वर्षभरात धूर ओकायला लागायचा. म्हणजे हा संच ज्याला मिळेल त्याची गाडी आणखी पंधरा वर्षं बिनघोर चालणार. जमेची ही एक बाजू.

दुसरी बाजू गुंजभाऊ कुणाजवळ बोलत नसत. संच त्यांना मिळाला म्हणजे तो धाकट्या साडूंना मिळणार नव्हता. दोन्ही बाजू तराजूत घातल्या असत्या तर खरं सांगायचं म्हणजे ही दुसरीच जड भरली असती.

आणि तराजू गुंजभाऊंना चांगला कळत होता. त्यांचा धंदाच वजनकाटे दुरुस्त करण्याचा. किराणा दुकानातले काटे, गोदामातले माणूस उभा राहील एवढे काटे, सोनारांचे काचेच्या पेटीतले श्वास लागला तरी हलणारे काटे, सगळे त्यांच्या हाताखालून जात. "गुंजेचा फरक आला तरी शिक्का मारणार नाही," हे वाक्य त्यांनी इतक्या दुकानदारांना ऐकवलं होतं की त्यांचं खरं नाव आता रेशनकार्डावरच उरलं होतं.

धाकटे साडू म्हणजे त्यांच्या मेहुणीचे यजमान. शिलाई मशीनच्या सुया, बॉबिनी, चामड्याचे पट्टे दुकानोदुकानी पुरवत, म्हणून सगळे त्यांना सुईशेठ म्हणत. नाव सुईचं आणि देह कापसाच्या गाठोड्याचा. स्वभाव असा की दोनाच्या जागी तीन मोजून देतील आणि वर "असू दे हो" म्हणतील. गुंजभाऊंना या 'असू दे'चीच चीड होती. ज्याला काही मोजायचंच नाही त्याचं सगळं नेमकं चांगलं कसं निघतं, हा त्यांच्या आयुष्यातला न सुटणारा प्रश्न होता.

दोघांच्या गाड्या एकाच लिलावात, एकाच सकाळी घेतलेल्या. एकच मॉडेल, एकच काळा रंग, चासी नंबरात फक्त अकराचा फरक. जुळ्याच म्हणा ना. पहिली काही वर्षं दोघी लिटरला छप्पन्न-सत्तावन्न किलोमीटर देत होत्या आणि कुणाचं पोट दुखत नव्हतं. चार वर्षांपूर्वी मात्र सुईशेठच्या गाडीनं अचानक उडी घेतली. बहात्तर.

तेव्हापासून हा आकडा घरात पाहुण्यासारखा येऊन बसला होता. सासऱ्यांकडे सगळे जमले की सुईशेठ फाटकातून आत येत, गाडी स्टँडला लावत, आणि हेल्मेट पुरतं निघायच्या आत तो आकडा बाहेर पडे.

"काय सुईशेठ, काय म्हणते गाडी?" सासरे विचारत.

"बहात्तर म्हणते, मामा! साठच्या खाली मी चालवत नाही, तरी बहात्तर. आता काय करायचं सांगा!"

"आणि जावईबापू, तुमची?"

"बरी आहे," गुंजभाऊ म्हणत.

"बरी म्हणजे किती, दादा?" सुईशेठ अगदी मनापासून विचारत. हे मनापासून विचारणंच झोंबायचं.

"सत्तावन्न."

"चालायचंच. काटेकोर माणसाची गाडी जरा जास्तच खाते वाटतं," असं म्हणून सुईशेठ खदखदून हसत. मेहुणी तोंडाला पदर लावी. गुंजभाऊ चहाच्या कपात बघत बसत, जणू तळाशी काहीतरी पडलंय.

त्यांनी करायचं बाकी काही ठेवलं नव्हतं. टायरमध्ये हवा जास्त भरली. मागचं कॅरियर काढलं. दोन्ही आरसे काढले, वारा अडतो म्हणून. पुढे तर हॉर्नसुद्धा काढला.

"अहो, हॉर्नचा आणि ॲव्हरेजचा काय संबंध?" बायकोनं विचारलं.

"तीनशे ग्रॅम वजन आहे त्याचं."

"मग मी तर गाडीवर गुन्हाच करतेय."

हा तिनं विनोद केला होता, पण गुंजभाऊंनी तो नोंदवून घेतला. त्यांच्या घरून बाजाराकडे जाताना वाटेत पूल लागायचा, आणि पुलाला चढ होता. चढावर गाडी जास्त पेट्रोल पिते. दुसऱ्याच आठवड्यात पुलाच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवली आणि मागे न बघता म्हणाले, "जरा उतरतेस? वर थांबतो."

ती उतरली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ती त्या चढावर उतरत आली. हातात पिशवी, पुढे नवरा फटफटत वर जातोय, आणि ती मागून चालत येतेय. "तुमचं पेट्रोल वाचतंय ते माझ्या गुडघ्यांतून निघतंय," असं एकदा म्हणाली, मग म्हणायचंही सोडलं.

एवढं करून गाडी सत्तावन्नावरून अठ्ठावन्न पूर्णांक तीनवर आली. गुंजभाऊंच्या वहीत सगळं होतं: तारीख, लिटर, किलोमीटर. शेवटच्या रकान्यात सुईशेठची गाडी, त्यांच्या तोंडून ऐकलेल्या आकड्यांसकट. चार वर्षांपूर्वीच्या पानावर त्या रकान्यात सत्तावन्नाखाली एकदम बहात्तर होतं आणि शेजारी गुंजभाऊंच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'यांनी काहीतरी केलंय.'

काय केलंय ते मात्र सापडत नव्हतं. एकदा तर सुईशेठ आत जेवत असताना गुंजभाऊ अंगणात त्यांच्या गाडीशेजारी उकिडवे बसून कार्बोरेटर न्याहाळत होते. मेहुणी बाहेर आली.

"दाजी, काय शोधताय?"

"चप्पल," गुंजभाऊ म्हणाले. चप्पल पायात होती.

अशात सासऱ्यांनी आपली त्याच मॉडेलची गाडी विकली. डोळे आता साथ देत नाहीत म्हणाले. जन्मभर नकाशे काढण्यात गेलेला माणूस, फालतू बोलत नसे. गाडी गेली पण तो संच त्यांनी विकला नाही. दोन्ही जावयांना बसवून म्हणाले, "हा तोडून दोघांत वाटता येणार नाही. ज्याची गाडी एका लिटरात लांब जाईल त्याचा. पुढच्या रविवारी सकाळी दोघं माझ्या अंगणातून निघा. ज्याची आधी बंद पडेल तो हरला."

"मामा, दादांनाच देऊन टाका ना," सुईशेठ म्हणाले. "शर्यत कशाला? बहात्तरपुढे..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सभ्यपणे गिळलं.

त्या गिळलेल्या वाक्यानं गुंजभाऊंना मिस्त्रीच्या दारात नेलं.

मिस्त्री कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसे. जुन्या गाड्यांवर त्याचा हात चांगला होता आणि जीभही मोकळी होती. गुंजभाऊंनी काय हवंय ते सांगितलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणजे कार्बोरेटरमधला जेट बारीक टाकायचा. पेट्रोल कमी, हवा जास्त."

"हो."

"काटेवाले, गाडी उपाशी पळते तेव्हा तापते, ठाऊक आहे ना? प्लग पांढरा पडतो. पुढे पिस्टन."

"एका लिटरपुरतंच पाहिजे. रविवारी दुपारी जुना जेट परत टाका."

"एक लिटर निघेल," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला. "पण ताणायची नाही. चाळीसनं जायचं. आणि मोठा चढ आला तर चोक थोडा ओढायचा, म्हणजे तिला घोटभर मिळेल. नाहीतर माझ्या नावानं शंख करू नका."

शनिवारी गुंजभाऊंनी गाडी चालवून पाहिली. अर्ध्या लिटरात तेहतीस किलोमीटर. म्हणजे लिटरला सहासष्ट. त्यांना रस्त्यातच हसू फुटलं. बहात्तर अजून लांब होतं, पण सुईशेठ बेफाम चालवतात, रविवारी शेजारी कुणी जायला लागलं की आणखी जोर करतील, आणि जोरात चाललेली कुठलीही गाडी जास्त पिणारच. हिशेब बसत होता.

"सायलेन्सरची नळी निळी कशी पडली हो?" संध्याकाळी बायकोनं विचारलं.

"ऊन लागलं असेल."

"नळीला?"

रविवारी सकाळी अंगणात दोन्ही गाड्यांच्या टाक्या सासऱ्यांच्या देखत रिकाम्या झाल्या. गुंजभाऊंनी आपलं शिक्क्याचं लिटरचं माप आणलं होतं. माप भरलं, डोळ्याच्या पातळीला धरलं, दोन थेंब काढले, एक थेंब परत घातला.

"घाला हो दादा, दोन थेंबांनी काय होतंय," सुईशेठ म्हणाले.

"दोन थेंबांनीच सगळं होतं," गुंजभाऊ म्हणाले.

दोघांनी मीटरच्या लहान खिडकीतले आकडे शून्यावर आणले. सासऱ्यांनी ते वाकून पाहिले आणि मान हलवली. दोन्ही बहिणी पायरीवर उभ्या होत्या. धाकटी म्हणाली, "सावकाश या हं." थोरलीचं लक्ष निळ्या नळीकडे होतं.

गावाबाहेरचा मोठा रस्ता सरळ होता आणि रविवार असल्यामुळे मोकळा. गुंजभाऊंनी काटा चाळीसवर आणला आणि तिथेच ठेवला. सुईशेठ शेजारून येत होते, मोठ्यानं काहीतरी गात.

"दादा!" ते ओरडले. "आज मुद्दाम हळू चालवतोय, तुमच्या बरोबरीनं. पन्नास!"

"चाळीस!" गुंजभाऊ ओरडले.

"पन्नास आहे हो! हा बघा काटा!"

"चाळीस!"

"मग तुमचा काटा अडकत असेल! तपासून घ्या कुणाकडून तरी!"

जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांचे काटे तपासले त्यांना रस्त्यावर हे ऐकावं लागलं. खरं म्हणजे त्यांच्या जागी दुसरा कुणी काटेवाला असता तर त्याच्या डोक्यात तिथल्या तिथे घंटा वाजली असती. दोन गाड्या शेजारी-शेजारी चालल्यात आणि दोन काटे वेगळं सांगतायत, म्हणजे एक काटा खोटा. दुकानात हे त्यांना अर्ध्या मिनिटात दिसलं असतं. पण गुंजभाऊंना दिसली ती फक्त फुशारकी. साठ म्हणे, पन्नास म्हणे. त्यांनी दात आवळले आणि न ठरवता हँडल किंचित पिळलं.

चाळीस किलोमीटर गेल्यावर टेकडी आली. मोठा चढ. मिस्त्रीचा शब्द कानात होता: चोक थोडा ओढायचा. त्यांचा हात चोककडे गेलाही. पण चोक म्हणजे पेट्रोल. घोटभर का होईना, पण तो घोट शेवटी कमी पडला तर? तेवढ्यात सुईशेठ गुणगुणत त्यांना ओलांडून गेले. मागून त्यांचा रुंद, निवांत शर्ट वाऱ्यानं फुगलेला दिसत होता. गुंजभाऊंनी हात चोकवरून काढला आणि हँडल पुरतं पिळलं.

इंजिनाचा आवाज आधी बारीक झाला. मग डब्यात नाणी हलवावीत तसा खुळखुळला. मग करपल्याचा वास आला, आणि मग मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. गाडी घसरत, तिरकी होत, कडेच्या मातीत जाऊन थांबली. गुंजभाऊंनी किकवर पाय दिला. किक दगडासारखी. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता.

सुईशेठ वरून वळून खाली आले. गाडी लावली, धावत आले.

"लागलं नाही ना, दादा? पाणी प्या. बसा आधी." त्यांनी स्वतःची बाटली पुढे केली. मग इंजिनाला हात लावायला गेले आणि चटकन मागे घेतला. "आई ग! तवा झालाय हा. पण दादा, हे धरायचं नाही हं. तुमच्या टाकीत पेट्रोल आहे अजून. ही हार नाही. मामांना मी सांगतो."

दुश्मन असा पाहिजे की त्याला शिव्या तरी देता याव्यात. गुंजभाऊ दगडावर बसले, पाणी प्यायले आणि समोर बघत राहिले. समोर दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या. जुळ्या बहिणी. सवयीनं त्यांचे डोळे आकड्यांवर गेले.

त्यांच्या मीटरच्या खिडकीत होतं बेचाळीस.

सुईशेठच्या खिडकीत होतं त्रेपन्न.

गुंजभाऊ उठले. जवळ जाऊन पाहिलं. बेचाळीस. त्रेपन्न. एका अंगणातून निघालो, दोघांनी शून्य केलं, एकाच रस्त्यानं आलो, आणि हे वर जाऊन वळून आले त्याचं फार तर पाव किलोमीटर. त्यांच्या डोक्यात पारडी हलायला लागली. खरं बेचाळीस असेल तेव्हा हा मीटर त्रेपन्न दाखवतो. मग खरं सत्तावन्न असेल तेव्हा हा काय दाखवील?

बहात्तर.

आयुष्यात इतका आनंद त्यांना फार थोड्या वेळा झाला असेल. चार वर्षं जो आकडा त्यांच्या ताटात, चहात, झोपेत येऊन बसत होता, तो खोटा होता! सुईशेठची गाडी तेवढंच देत होती जेवढं त्यांची. साठ म्हणायचे तेव्हा हा माणूस अठ्ठेचाळीसनं जात होता. काटा खोटा होता, आणि तो खोटा काटा पकडला होता गुंजभाऊंनी! बघतोच आता, मामांसमोर, मेहुणीसमोर, सगळ्यांसमोर.

"सुईशेठ," ते म्हणाले, आवाजात शिक्का मारतानाची ऐट आणून, "तुमच्या मीटरला हात कुणी लावला होता?"

"मीटरला? कुणी नाही." सुईशेठ आठवत राहिले. मग त्यांचा चेहरा खुलला. "हां, तुम्हीच की, दादा! चार वर्षांपूर्वी मीटर बंद पडला होता, पुढच्या चाकातली ती दातांची चकती झिजली होती. गरारी. बाजारात मिळेना, तर तुम्ही तुमच्या डब्यातली काढून दिलीत. विसरलात? मी नाही विसरलो. तुम्ही ती दिलीत आणि त्या महिन्यापासून गाडीला ॲव्हरेज लागलं. घरी मी नेहमी म्हणतो, दादांच्या हाताला गुण आहे."

गुंजभाऊ परत दगडावर बसले.

त्यांना तो पत्र्याचा डबा लख्ख आठवला. डब्यात दोन गराऱ्या होत्या. एक याच गाडीची, नवी, कागदात. दुसरी लिलावातल्या भंगारात आलेली, दुसऱ्याच कुठल्या गाडीची. दात कमी-जास्त होते, पण भोकात बसत होती. नवी आपल्याला लागेल कधीतरी, म्हणून ती त्यांनी ठेवून घेतली, आणि भंगारातली साडूंना दिली. "बसते. चालवा," म्हणाले होते. गुंजेचा फरक चालवून न घेणाऱ्या माणसानं तिचे दात मोजले नव्हते, कारण गाडी दुसऱ्याची होती.

बहात्तर त्यांनी स्वतःच्या हातानं बसवला होता, आणि मग चार वर्षं त्याच्यावर जळत राहिले होते.

आता मीटर खोटा आहे हे सांगायचं, तर तो कुणी खोटा केला हेही सांगायला लागणार. "दादांनी वाईटातली दिली," असं मेहुणी म्हणणार. सुईशेठ काही म्हणणार नाहीत. ते "असू दे" म्हणतील, आणि तेच सहन होणार नाही.

"काय म्हणत होतात, दादा?" सुईशेठनी विचारलं.

"काही नाही," गुंजभाऊ म्हणाले. "सहज."

दोरी कुणाकडेच नव्हती. सुईशेठनी आपल्या पिशवीतून शिलाई मशीनच्या पट्ट्यांची जुडी काढली, आठ पट्टे एकत्र पिळले आणि गाडीला गाडी बांधली. पुढे सुईशेठ, मागे हँडल धरून गुंजभाऊ, पावसाळ्यात ओढून नेलेल्या वासरासारखे. पट्टे दोनदा तुटले. सात किलोमीटरवर सुईशेठची गाडी दोन आचके देऊन थांबली. टाकी कोरडी.

सुईशेठनी खिडकीत वाकून पाहिलं. "बासष्ट. आज कमी दिलं हो तिनं." मग मागे वळून अगदी समजूतदारपणे म्हणाले, "पण तुम्ही मागे होतात ना, ओढायचं म्हणजे तिला जड झालं. तुमचा दोष नाही, दादा."

दुपारी दोघं गुंजभाऊंच्या टाकीत उरलेल्या आणि मग पंपावरच्या पेट्रोलवर अंगणात पोचले. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, गुंजभाऊंच्या इंजिनाचा प्लग काढायला लावला, हातात घेऊन पाहिला. प्लग खडूसारखा पांढरा होता. त्यांनी गुंजभाऊंकडे पाहिलं. तो प्लग त्यांच्या तळहातावर ठेवला. मग आत गेले, तेलकट कागदातलं गाठोडं घेऊन आले आणि सुईशेठच्या हातात दिलं.

सुईशेठनी ते उघडलं. ग्रीसखाली धातू नव्या भांड्यासारखा चमकत होता. त्यांनी ते परत गुंडाळलं आणि सरळ गुंजभाऊंसमोर धरलं.

"घ्या, दादा."

"मी?"

"माझी ठणठणीत आहे. बहात्तर देणाऱ्या गाडीला नवा पिस्टन कशाला? तुमची उभी राहिली तर काटे कोण दुरुस्त करणार? घ्या हो. असू दे."

"आमच्या ह्यांचं मन पहिल्यापासून मोठं," मेहुणी पायरीवरून म्हणाली.

गुंजभाऊंनी गाठोडं घेतलं. न घेऊन करणार काय होते? आठवडाभर ज्याची स्वप्नं पाहिली ते हातात होतं, आणि हात जळत होते.

घरी आल्यावर बायको त्यांच्या डब्यात काहीतरी शोधत होती. कागदात गुंडाळलेली गरारी तिच्या हाताला लागली.

"ही इथेच आहे? मग सुईशेठना दिलीत ती कुठली?"

गुंजभाऊंनी हळू आवाजात सगळं सांगितलं. बेचाळीस, त्रेपन्न, सगळं. ती ऐकत राहिली. हसेल असं त्यांना वाटलं होतं. हसली नाही.

"मग उद्या ही नेऊन द्या त्यांना."

"आणि मग? ते बसवतील. दुसऱ्या दिवसापासून सत्तावन्न दिसेल. म्हणतील, दादांनी नवीन गरारी दिली आणि ॲव्हरेज गेलं."

"म्हणजे नाही देणार."

"बघू."

"म्हणजे त्यांचं बहात्तर तसंच राहणार आणि तुम्ही जळत राहणार. खोटं आहे ठाऊक असून."

गुंजभाऊंनी गरारी परत कागदात गुंडाळली. उत्तर होतं, पण ते लाजिरवाणं होतं. खोटं आहे हे ठाऊक झाल्यापासून तर जास्तच जळत होतं, कारण आता तक्रार करायलाही जागा उरली नव्हती.

मिस्त्रीनं चार दिवसांत नवा संच बसवला. चावी देताना म्हणाला, "आता हात जोडून सांगतो. बोअर कोरा आहे. पहिले हजार किलोमीटर ताणायची नाही. चढावर डबलसीट तर अजिबात नाही. उतरवा, चालत येऊ दे."

बायको शेजारीच उभी होती. तिनं हे नीट ऐकलं.

त्या आठवड्यात दोघं बाजाराला निघाली. पुलाचा पायथा आला. गुंजभाऊंनी गाडी थांबवली आणि मागे न बघता म्हणाले, "जरा उतरतेस?"

मागून काहीच हालचाल नाही.

"ऐकलंस का? मिस्त्री काय म्हणाला? चढावर डबलसीट नाही."

"ऐकलं. डबलसीट नाही म्हणाला. दोघांतल्या कुणी उतरायचं ते नाही म्हणाला." तिनं पिशवी मांडीवर नीट ठेवली. "एकशे दहा पावलं आहेत इथून वरपर्यंत. आठवड्यातून दोनदा, चार वर्षं. तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात आहे ते?"

"अगं, पण तुला चालवता येत नाही."

"मग इंजिन बंद करा आणि ढकला. पेट्रोलही वाचेल."

गुंजभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. मग उतरले. चावी फिरवली, एक हात हँडलला, एक सीटला, आणि ढकलायला लागले. मागच्या सीटवर ती पदर सावरून बसली होती, समोर बघत. तीस पावलांवर त्यांना धाप लागली. साठावर ते थांबले, ब्रेक दाबून उभे राहिले. "चला," ती म्हणाली. नव्वदावर मागून ओळखीची फटफट आली.

"काय दादा, परत बंद पडली?" सुईशेठ शेजारून जाताना ओरडले. त्यांचा काटा साठवर असणार, म्हणजे अठ्ठेचाळीस. "नवीन संच काय देतो?"

"अजून मोजलं नाही!" बायकोनंच मागून उत्तर दिलं.

"माझी बहात्तर!" सुईशेठ हात हलवत वर गेले.

माथ्यावर पोचल्यावर गुंजभाऊ कठड्याला टेकून उभे राहिले. शर्ट पाठीला चिकटला होता. बायकोनं त्यांच्या खिशातली वही आणि पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. "आता लिहा," म्हणाली. त्यांनी कोरं पान काढलं.

सासऱ्यांचा अठरा वर्षं जपलेला संच गेला होता. सुईशेठचे आठ पट्टे तुटले होते, पण ते त्यांनी मोजलेही नव्हते. बायकोची चार वर्षं गेली होती, ती परत फिटायची तर असे किती चढ लागतील, याचा गुणाकार गुंजभाऊंनी मनातल्या मनात केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. मग त्यांनी तारीख घातली आणि लिहिलं: चढ, एकशे दहा पावलं. पेट्रोल, शून्य. फेडणारा, मी.